उसनी पट्टी

"थांब सिष्टर, मला बसू दे. मग सांग."

कुणी काही गमतीचं सांगायला तोंड उघडलं की खैरूनआपाचं हे वाक्य ठरलेलं. हातातली सुरी ओट्यावर ठेवायची, स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसायची, पायावर पाय घट्ट टाकायची आणि मग म्हणायची, "हां, आता बोल." एकदा बसली की हसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळ्यांतून पाणी, ठसका, मांडीवर थापा. पण उभ्यानं हसताना मी तिला कितीतरी वर्षं पाहिलं नाही. तिचा नवरा इब्राहिमभाई म्हणायचा, "आमच्या हिला हसायलासुद्धा बैठक लागते. शेखाच्या घरात जन्माला यायची, चुकून दाभोळला आली." ती त्याच्याकडे अशी बघायची की तो चहाचा कप उचलून बाहेरच्या खोलीत जायचा.

मी चिपळूणची. कुवेतमध्ये आधी बायकांच्या वॉर्डात नर्स, नंतर ऑपरेशन थिएटरात. इराकवाले येऊन गेले, त्यानंतर काही वर्षांनी आम्ही अब्बासियात राहायला आलो. एका खोलीत मी नि माझा नवरा, दुसऱ्या खोलीत खैरूनआपा नि इब्राहिमभाई, त्यांची मुलं गावाकडे; स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम सामाईक. अब्बासियात तेव्हा सगळे असेच राहत. आपल्याकडची माणसं शेजारी मिळाली म्हणून मला हायसं वाटलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. मी बाथरूममध्ये असताना बाईनं तीनदा दार ठोठावलं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. बाहेर येऊन म्हटलं, "काय आपा, दोन मिनिटं दम धरवत नाही?"

ती मान खाली घालून आत गेली, आणि मागच्या बाजूनं तिची सलवार पाहिल्यावर मला सगळं उमजलं.

हसलं, शिंकलं, खोकलं, जड उचललं की लघवीचे थेंब सुटतात. बाळंतपणांनी आतले आधार सैल होतात नि मग हे मागे लागतं. बायकांमध्ये सर्रास असतं, आणि कुणी जिवाभावाच्या बहिणीलाही सांगत नाही. आपाची चार बाळंतपणं, शेवटचं दोन दिवस अडलेलं. मग एकेक गोष्टी माझ्या ध्यानात यायला लागल्या. ती कायम गडद रंगाचे कपडे घालायची. पाणी प्यायची ते चिमणीसारखं. अत्तर इतकं लावायची की जिन्यात वास आला की ओळखावं, आपा बाजारातून आली. कुणाच्या घरी गेली तर गादीवर बसायची नाही, म्हणायची, "मला कडक जागाच बरी." लोकांना वाटायचं केवढी साधी बाई. मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून बाथरूममधून मी लवकर बाहेर यायला लागले, आणि तिलाही ते कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात तिनं न विचारता दोन तळलेले बांगडे टाकले. आमची मैत्री अशी झाली.

आता ती काय करायची ते सांगते. ती मय्यतीला आंघोळ घालायची.

आपल्या रत्नागिरी-रायगडकडच्या कुठल्याही मुसलमान घरातली बाई कुवेतमध्ये वारली की पहिला निरोप खैरूनआपाला यायचा. कब्रस्तानात त्या कामाला नेमलेल्या बायका असतात, सगळी सोय असते. पण आपली माणसं म्हणायची, असू दे, शेवटच्या वेळेला तिच्याशी आपल्या बोलीत बोलणारं कुणीतरी पाहिजे. आणि आपा खरंच बोलायची, त्या मेलेल्या बाईशी. "हात दे बाय. हां. आता कूस वळू या. पाणी कोमट आहे, घाबरू नको." पाणी आधी स्वतःच्या कोपरानं बघायची. म्हणायची, "जित्या माणसाला चटका बसला तर ते ओरडतं. हिला कुठे ओरडता येतंय?" आत कुणी बाई कुजबुजली, दागिन्यांचं नाहीतर सुनेचं काढलं, की आपा तिला सरळ बाहेर काढायची. मी आत कधी गेले नाही, माझं तिथे काय काम. हे सगळं मला रुखसानानं सांगितलेलं. रुखसाना तिच्याबरोबर पाणी ओतायला जायची.

रुखसाना म्हणजे आपाची धाकटी बहीण. खरं तर लेकच. आई रुखसानाच्या बाळंतपणात गेली तेव्हा आपा अजून परकर-पोलक्यातली. गावची फुपी, म्हणजे आत्या, तिला म्हणाली, "पोरी, तू हात लावलास तर तिला बरं वाटेल." आपानं पहिली आंघोळ घातली ती आपल्या आईला. आणि ती घालून बाहेर आली ती थेट पाळण्यापाशी. पुढे लग्न झालं तेव्हा पोरीला कडेवर घेऊनच सासरी गेली. इब्राहिमभाई सांगायचा, "लोक लग्नात भांडीकुंडी घेतात, मी मेहुणी घेतली." त्यांनीच तिला वाढवलं, कुवेतमधल्याच एका भल्या मुलाला दिली, आणि ती आमच्यापासून दोन बिल्डिंगा सोडून राहायला आली. सलीम त्याचं नाव. रुखसाना बारीक अंगाची, बोलायला फटकळ, आणि बहिणीची नक्कल हुबेहूब करायची. आपा स्टुलावर बसून ती बघायची नि हसून हसून लोळायची.

मी तिथे राहायला आले त्याच्या थोडं आधीच आपानं ते काम सोडलं होतं. एकदा अंगानं भरलेली एक बाई होती. तिला कुशीवर घेताना आपानं जोर लावला आणि तिथेच, त्या पाक, पवित्र जागेत, तिला सुटलं. कुणाला कळलं नाही, मलाही तिनं हे फार पुढे सांगितलं. आपा कंबर धरून बाहेर आली, म्हणाली, लचक भरली. त्यानंतर निरोप आला की कंबरच पुढे करायची. लोक म्हणायला लागले, खैरूनला मिजास चढली. तिनं ऐकून घेतलं. ज्या बाईला चार शब्द सुनावायला एरवी कारण लागायचं नाही, तिनं हे मात्र मुकाट ऐकून घेतलं.

दोन हजार सालच्या आसपास रुखसानाच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, आणि मग दुखणं हाडांत उतरलं. एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात बसून ती लसूण सोलत होती. मी भात लावत होते. ती बहिणीला म्हणाली, "आपा, आईला तूच आंघोळ घातलीस ना?"

"मग?"

"मग मलाही तूच घाल. दुसऱ्या कुणाचा हात नको मला."

"वेडी झालीस काय गो. तू मला घालायची आहेस. मी मोठी का तू?"

"ते ठाऊक आहे. पण तू कबूल कर."

आपानं कबूल केलं. लसणाची सालं गोळा केली, केराच्या डब्यात टाकली, आणि डब्यापाशीच पाठमोरी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलच्या बसला निघाले तर बाई अबाया चढवून दारात तयार. "सिष्टर, तुमच्या त्या डॉक्टरणीकडे मला घेऊन चल." इतक्या वर्षांत त्या दुखण्याचं नाव तिनं पहिल्यांदा काढलं, तेही नाव न घेता.

डॉक्टरीण मिसरी, इजिप्तची, शांत, कामाला चोख. मधली दुभाषी मी. माझं अरबी म्हणजे वॉर्डातलं: कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, शौचाला झालं का. पण निभलं. डॉक्टरणीनं कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या नळीखाली झोळीसारखा एक पट्टा बसवायचा, म्हणजे जोर आला तरी नळी आधारावर राहते. पट्टा दोन ठिकाणचा घेता येतो. एक, आपल्याच मांडीच्या स्नायूवरचं पांढरं चिवट आवरण कापून. त्यात पायाला वेगळी जखम, बरेच दिवस लंगडणं, उठबस कठीण. दुसरा, कुणा मेलेल्या माणसानं दान केलेला. त्याच्या मांडीचं तेच आवरण साफ करून, वाळवून, पाकिटात बंद होऊन येतं. त्यात ऑपरेशन लहान, पायाला काही नाही, बाई लवकर उभी राहते. "पण दुसऱ्याचं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "कुणाकुणाच्या अंगात ते टिकत नाही, हळूहळू विरून जातं. मी खात्री देणार नाही."

आपानं एकच विचारलं, "माणूस उचलायला कधी लागेन?"

मी ते अरबीत केल्यावर डॉक्टरणीला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग मी तिला रुखसानाचं सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्या पद्धतीनं केलं तर तीन महिन्यांनी. रुखसानाच्या डॉक्टरांनी सलीमला एखाद वर्षाची मुदत दिली होती. आपानं तिथल्या तिथे ठरवलं, आपल्या पायाला लंगडवून ठेवायला तिला सवड नव्हती.

मेलेल्या माणसाचं म्हटल्यावर दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं. आपाला मेलेल्याची किळस कशी येणार? पण घरी आल्यावर म्हणाली, "सिष्टर, आम्ही आंघोळ घालताना नख तुटलं, केसांची बट हातात आली, तरी ती उचलून कफनात ठेवतो. माणूस पुरता गेला पाहिजे. आणि ह्या बाईची एवढी पट्टी बाहेर राहिली?"

"तिनंच दिली ना पण? जबरदस्तीनं थोडीच काढून घेतली?"

"दिली ते खरं. मोठ्या मनाची होती. पण तिला परत कधी मिळणार?"

मी म्हटलं, "आपा, उगाच डोक्याला भुंगा लावून घेऊ नकोस." ती कांदा चिरायला बसली. अर्धा कांदा झाल्यावर स्वतःशीच मान हलवून म्हणाली, "मी मेले की माझ्याबरोबर मातीत जाईल. तेव्हा तिची मय्यत पुरी होईल. तवर माझ्याकडे उसनी." आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ह्या बाईचा हिशेब असा, त्यात उसनं घेतलेलं सगळं परत करायचं.

ऑपरेशनला मी स्वतः होते. ती पट्टी सलाईनमध्ये भिजत घालायचं काम माझंच. पाकिटातून निघाली तेव्हा पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असते त्या वाळक्या विरीसारखी ताठ होती, आणि विरीसारखीच भिजल्यावर मऊ झाली. आपल्याकडे विरी भिजवून द्रोण लावतात, तेच हात मला आठवले. पुढे आपानं खोदखोदून विचारलं. रंग कसा? केवढी? नाव होतं काय पाकिटावर?

"नाव नसतं आपा. नुसता नंबर."

"बाईच ना, की बाप्या? ते तरी?"

"तेही नाही."

"बाईच असणार," आपा म्हणाली. "बाप्याचं काय काम तिथे?"

मी हसले, तीही हसली, आणि टाक्यांवर हात दाबून मला शिव्या घातल्या.

त्या बाईसाठी तिनं गुरुवारी फातिहा द्यायला सुरुवात केली. मलिदा करायची, आम्हालाही मिळायचा. पण तिच्या ओळखीतल्या, धर्माचं शिकवणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं, जिचा धर्मच ठाऊक नाही तिच्या नावानं असं करणं बरोबर नाही. आपा दोन दिवस विचारात. मग माझ्याकडे आली. "सिष्टर, ती तुमच्यातली असली तर? तुमचा पितरांचा पंधरवडा येतो ना, त्यात तिचं पान वाढशील?" मी म्हटलं वाढीन. आमच्या वरच्या मजल्यावर एल्सी म्हणून मल्याळी नर्स होती, माझ्याच आधीच्या वॉर्डातली. तिच्याकडेही आपा गेली. कुवेतमध्ये चर्चला गर्दी शुक्रवारची. "एल्सी, जुम्मे को जाती है ना, एक मोमबत्ती मेरी तरफ से."

"नाम क्या बोलूँ, आपा?"

"बोल, जिसका पट्टा है, वो."

एल्सीनं खरंच तसंच सांगून मेणबत्ती लावली. पितृपक्षात मी वरण-भात, खीर, वडे केले, आणि गच्चीवर पान ठेवलं. आता अब्बासियाच्या गच्चीवर कावळा कुठून आणायचा? पाण्याच्या टाक्या नि टीव्हीच्या तबकड्या, त्यांवर कबुतरं. आपा माझ्याबरोबर उन्हात उभी. एक जाडं कबूतर आलं, वड्यावर चोच मारली, भात उधळला. मी म्हटलं, "झालं, शिवलं." आपा म्हणाली, "कबूतर चालतं काय तुमच्यात?" म्हटलं, "परदेशात चालतं." त्यावर ती हसली. उभी होती आणि हसली. गच्चीच्या कठड्याला नुसता एक हात लावून, मोठ्यानं, पोटभर. मग एकदम थांबली, स्वतःच्या अंगाचा कानोसा घेतल्यासारखी, आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसायला लागली. मी तिथे रडले. मला रडू लवकर येत नाही.

ते दिवस चांगले होते. तिनं फिका गुलाबी सलवार-कमीज शिवला. पाणी पेल्यानं प्यायला लागली. थंडीत आम्ही सगळे वफ्राला गेलो होतो, शेतावरून ताजे टोमॅटो नि काकड्या आणायला. रुखसानाला गाडीत उशा लावून बसवलेली. पाण्याचा एक पाट आडवा आला, तर आमच्या बाईनं सलवार जरा वर धरली नि घेतली उडी. पलीकडे गेली. परत उडी मारून अलीकडे आली. तिथले मजूर बघत राहिले. रुखसाना गाडीच्या काचेतून ओरडली, "आपा, म्हातारपणी काय हे?" आणि आपानं तिला दाखवायला म्हणून तिसरी उडी मारली.

आंघोळीचे निरोप पुन्हा घ्यायला लागली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या मय्यतीहून आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "सिष्टर, काही झालं नाही." मग मटण-भात दोनदा वाढून घेतला. म्हणाली, "एका मेलीनं मला दिलं, ते मी दुसरीला दिलं. ह्याचा सवाब, ह्याचं पुण्य, तिलाही आहे."

आणि मग एक दिवस मी फोडणीत सुक्या मिरच्या टाकल्या, धूर झाला, आपा शिंकली. शिंकली आणि तिथेच उभी राहिली. हातात ताट तसंच. मी गॅस बंद केला. ती इतक्या हळू म्हणाली की मला आधी ऐकूच आलं नाही. "सिष्टर, गेली वाटतं ती."

डॉक्टरणीनं तपासलं. पट्टी हाताला लागत नव्हती, विरून गेली होती. तिनं काही लपवलं नाही, आधीच सांगितलं होतं, पण तिचाही चेहरा उतरला. म्हणाली, पुन्हा करू, ह्या वेळेला तुमच्याच मांडीचं घेऊ, नाहीतर आता नायलॉनसारख्या धाग्याची नवी फीत निघाली आहे, ती बसवू. पण त्यानंतर काही महिने वजन उचलायचं नाही. रुखसाना तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला हातात पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. आपानं मान हलवली. "तिचं झाल्यावर बघू." डॉक्टरणीला ते मी सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, नंतर येऊ.

बसमध्ये आपानं माझा हात धरला. "विरघळली म्हणजे गेली कुठे गो? लघवीतून गेली काय? मी तिला गटारात सोडली काय?"

मी तो हात घट्ट धरला. "नाही आपा. लघवीतून नाही जात ती. तुझ्या मांसात मुरली. तुझं अंग झाली."

"मग ती बाई पुरी कशी व्हायची?"

मला राग आला. डॉक्टरणीचा नाही, कुणाचा ते मला सांगता येत नाही. एवढ्या सरळ बाईला एवढीशी पट्टी टिकू नये, ह्याचा राग. तो अजून गेलेला नाही.

रुखसाना उन्हाळ्यात गेली. शेवटचे दोन दिवस आपा तिच्या उशाशी होती, आणि त्या दोन दिवसांत आपानं पाण्याला तोंड लावलं नाही म्हटलं तरी चालेल. मला आधी वाटलं दुःखानं. मग तिचे सुकलेले ओठ बघून माझ्या लक्षात आलं, ती तयारी करत होती. कुवेतचा उन्हाळा, बाहेर उभं राहिलं तर डोळे भाजतात, आणि ही बाई नुसत्या ओल्या फडक्यानं जीभ पुसत होती. मी पेला घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "पी. चक्कर येऊन पडशील. मी नर्स आहे, मला शिकवू नकोस."

ती म्हणाली, "पोटात नसलं तर येणार नाही ना? मग राहू दे."

"इस्लाममध्ये मुभा आहे असं तूच सांगत होतीस. दुखणेकऱ्याला मुभा असते."

"मुभा मला आहे, सिष्टर. तिला पाक हात पाहिजेत."

सकाळी कब्रस्तानात गेलो. माझ्या नवऱ्यानं गाडी चालवली. आपा तिथल्या दुसऱ्या दोघी बायकांबरोबर आत गेली, दार लागलं. मी बाहेर, सावलीच्या पट्टीत. दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच एकदा "रुखू" ऐकू आलं. तिला लहानपणी ती रुखू म्हणायची. मग नुसता पाण्याचा आवाज. पुरुषमंडळी पलीकडच्या अंगणात नमाजेसाठी जमत होती. इब्राहिमभाई सलीमचा खांदा धरून उभा होता.

बऱ्याच वेळानं आपा बाहेर आली. कमरेपासून खाली चिंब. तिथे सगळ्याच भिजतात, एवढं पाणी असतं. तिच्याबरोबरच्या दोघीही तशाच भिजलेल्या. कापराचा वास येत होता. ती माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर रडणं नव्हतं, भीती होती.

"सिष्टर, तिला उठवून बसवायचं असतं. पोट हळू दाबायचं असतं, आतलं निघून जायला. मी तिला छातीशी धरून बसवली. हाडं नुसती, पण मेलेलं माणूस जड असतं. तेव्हा काहीतरी कोमट वाटलं मला."

"पाणी होतं आपा. तुम्ही कोमट पाणीच वापरता."

"तेच कळत नाही. सगळंच कोमट होतं. सगळंच ओलं होतं."

"तू दोन दिवस पाणी प्यायलेली नाहीस. येणार कुठून?"

"थेंबाला किती पाणी लागतं गो?"

पलीकडे जनाजा आणून ठेवला. रांगा लागायला लागल्या. अजून वेळ होता. इब्राहिमभाईला हाक मारून तिनं सांगितलं असतं तर रुखसानाला परत आत आणता आलं असतं, दुसऱ्या बायकांनी पुन्हा पाणी घातलं असतं. पण मग त्या सगळ्या पुरुषांपुढे कारण सांगावं लागलं असतं. आणि रुखसानाला दुसऱ्या कुणाचा हात नको होता. आपा उन्हात उभी होती. मी तिला सावलीत ओढत होते, ती हलली नाही. तिचे ओठ हलायचे नि थांबायचे. नमाज झाली. माणसांनी जनाजा खांद्यावर घेतला आणि चालायला लागली. बायका तिथून पुढे जात नाहीत. आपा त्यांच्या पाठी बघत राहिली, ते वळून दिसेनासे होईपर्यंत. तोवर त्या उन्हात तिचे कपडे वाळूनही गेले होते.

नंतर आपानं घरी सांगितल्यावर इब्राहिमभाईनं नाव न घेता इमामांना विचारलं. त्यांनी सांगितलं, आंघोळ घालणाऱ्या बाईला असं काही झालं तरी मय्यतीची आंघोळ बाद होत नाही, मनात काही आणू नका. मी आपाला म्हटलं, "ऐकलंस? आता तरी पाणी पी." ती म्हणाली, "इमामांनी बरोबरच सांगितलं असेल." आणि पाणी प्यायली. पण पुन्हा ऑपरेशनचं नाव काढलं नाही. मी दोनदा सांगितलं, भांडून सांगितलं. म्हणायची, "आता कुणासाठी?"

त्याच वर्षी त्यांनी कुवेत सोडलं. ती गावी वारली ते मला फार उशिरा कळलं. तिच्या थोरल्या मुलानं फोनवर सांगितलं. तिला आंघोळ कुणी घातली, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण पुरुषाला कसं विचारणार? नाही विचारलं.

ते कुवेतहून निघाले त्या दिवशी विमानतळावर सोडायला मी नि माझा नवरा गेलो होतो. इब्राहिमभाई सामानाची ढकलगाडी घेऊन पुढे रांगेत. आपा काळ्या अबायात, हातात खजुरांची पिशवी. एकमेकींना मिठी मारून झाली, एल्सीला सलाम सांगून झाला. ती दहा पावलं गेली आणि परत आली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "सिष्टर, त्या दिवशी पाणीच होतं ना?"

मी म्हटलं, "पाणीच होतं, आपा. माझी खात्री आहे."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू आत नव्हतीस, बाय," ती म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.